पप्पा पूजेला बसलेत

उदगीर,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षाराणीस,
उमाशंकरचे आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हाच ठरवलं की आता पत्र लिहायचं. फोनवर आपलं लगेच बिनसतं. मी कार्यक्रमाचं काढलं की तू "बघू" म्हणतेस, माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस. कागदावर आवाज चढत नाही आणि तुला मध्येच ठेवूनही देता येत नाही.

माघात मृत्युंजयला जाऊन वर्ष होईल. थोरल्यानं धाकट्याचं पुण्यस्मरण करायचं, हे उलटं काम माझ्या वाट्याला आलं आहे. करायचं तर नीट करावं असं वाटतं, पण कुणी नीट करू देत नाही. समाधीभोवती चौथरा बांधायला केरबा गवंडी रोज "उद्या येतो" म्हणतो. शंकरप्पा काकांनी फ्लेक्सचा नमुना करून आणला, त्यात मृत्युंजयपेक्षा त्यांचाच फोटो मोठा. मी म्हणालो, "काका, वारला कोण, तो का तुम्ही?" तर म्हणतात, "अरे, मला बघून तर लोक येतील. मोटारी वाइंडिंग करणाऱ्याला कोण वळखतं?" उदगीर तालुक्यात ज्याच्या विहिरीवर मोटार आहे, असा एक शेतकरी दाखवा म्हणावं जो मृत्युंजयला ओळखत नाही. पण बोललो नाही. काका आहेत.

कीर्तनकार महाराजांनी त्याच्या चार गोष्टी लिहून मागितल्या आहेत. मी बसलो लिहायला. "मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी." वाचून पाहिलं तर हे चौकातल्या कुठल्याही फ्लेक्सवर चालेल. माझा भाऊ त्यात कुठंच नव्हता. फाडून टाकलं. तू त्याची बायको. तू लिही, शिकलेली आहेस.

आणि अक्षराला घेऊन ये. त्या दिवशी पोर किती शहाणपणानं उभी होती! डोळ्यांत टिपूस नाही, तोंडातून शब्द नाही. बाया म्हणत होत्या, बापाचा समजूतदारपणा जसाच्या तसा उतरला आहे. आपली अव्वा रोज नातीची आठवण काढते.

तुझा दादा,
उमाशंकर


नांदेड,
१ डिसेंबर २०२४

ती. दादा,
शरणार्थी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. शाळेत पेपर तपासायचे होते, आणि लिहायला नकोही वाटत होतं.

चार गोष्टी मागितल्यात. मी एकच सांगते, महाराजांना पेलते का बघा. आदल्या दिवसापासून ह्यांच्या छातीत जळजळ होत होती. मी म्हटलं दवाखान्यात चला. "ॲसिडिटी आहे गं." सकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला, मोटार जळाली, गहू वाळून राहिला. ह्यांनी दुकानातली स्वतःची मोटार गाडीवर टाकली आणि गेले. दुसऱ्याची मोटार दुरुस्त होईपर्यंत आपली देणारा माणूस, म्हणून तुम्ही सगळे कौतुक करता ना, ती मोटार हीच. विहिरीत उतरून बसवून दिली. परत येऊन दुकानात बसले ते घामाघूम. उदगीरच्या डॉक्टरांनी लातूरला हलवायला सांगितलं आणि नळेगावच्या अलीकडेच सगळं संपलं.

हे सांगतील का महाराज? की दयाळू होते, एवढंच सांगतील?

वर्षभर मला भेटणारा प्रत्येक माणूस म्हणतो, किती चांगला माणूस होता हो. त्या चांगुलपणाचं आमच्या घरात काय व्हायचं हे मला कुणी विचारलं नाही. अक्षराला संध्याकाळी सायकल शिकवायची ठरलेली असायची आणि दारात कुणीतरी जळालेली मोटार घेऊन उभा असायचा. तालुक्याला पुरून उरलं तर आमच्या वाट्याला.

यायचं नक्की नाही. इकडे माहेरी माझ्या अप्पांची तब्येत बरी नसते, मलाही रजा मिळेल असं वाटत नाही. अक्षरा बरी आहे. शांत असते.

वर्षाराणी


उदगीर,
९ डिसेंबर २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन ओट्यावर बसून होतो. सिंधु म्हणाली, "आवं, काय झालं? भावकीत कुणी गेलं का?" मी म्हणालो, गेलेलाच परत गेला.

तू लिहिलंस त्यातलं काहीच खोटं नाही. पण पूर्णही नाही. सकाळी तुला शाळेची घाई असायची तेव्हा अक्षराच्या वेण्या कोण घालायचं? माझ्या डोळ्यांपुढे तो बसलेला आहे, दोन गुडघ्यांमध्ये पोरीला धरून, तांब्याची तार गुंडाळावी तसे केस गुंडाळताना. सिंधु म्हणायची, "भावजी, ही वेणी हाय का मोटारीची कॉइल?" तर म्हणायचा, "वहिनी, ही जळणार न्हाई. गॅरंटी हाय." पोर डोकं दुखतंय म्हणून ओरडायची आणि तरी त्याच्याकडूनच घालून घ्यायची.

हे मी महाराजांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही. म्हणाले, "लोकांना बोध होईल असं काही?" आता वेणीतून काय बोध काढायचा?

मला कधी कधी कळत नाही मी कुणावर चिडलो आहे. दुकानाचं शटर बंद आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, तरी गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले तसे शेतकरी येऊन शटरपुढे उभे राहतात. परवा एक म्हातारा मला म्हणतो, "आता आम्ही कुठं जावं?" मी काय उत्तर देऊ? मीही तेच विचारत असतो, सकाळी पूजेत.

असो. तारीख ठरली. पत्रिका सोबत ठेवली आहे. केरबानं एकदाचं काम सुरू केलं. समाधीपाशीच मांडव घालतो. टाळ-मृदंग, कीर्तन, शेवटी घंटा आणि आरती, मग प्रसाद. पत्रिका अक्षराला वाचून दाखव. हे सगळं तिच्या पप्पांसाठी आहे म्हणावं. पोर खूश होईल.

उमाशंकर


नांदेड,
२६ डिसेंबर २०२४

ती. दादा,
शरणार्थी.

तुम्ही सांगितलंत तसं पत्रिका अक्षराला वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात तशी ती खूश झाली. इतकी खूश झालेली मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती. टाळ्या वाजवल्या आणि पळत कपाटाकडे गेली. तिच्या पप्पांचा निळा शर्ट मी इकडे आणला होता, तो काढून पिशवीत भरायला लागली. मी विचारलं, हे काय करून राहिलीस? तर म्हणाली, "आरती झाली की पप्पा उठतील ना. मग त्यांना घालायला नको?"

मी पिशवी बाजूला सारली. जवळ घेऊन विचारत गेले तेव्हा सगळं बाहेर आलं.

दादा, त्या दिवशी शेतात तिनं काय पाहिलं ते तिच्या डोळ्यांनी बघा. आपल्यात गेलेल्याला मांडी घालून बसवतात आणि तसंच माती देतात, हे तुम्हा-आम्हाला जन्मापासून ठाऊक. तिला नव्हतं. तिनं पाहिलं की पप्पा अंघोळ करून मांडी घालून बसलेत. कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. रोज सकाळी ती त्यांना असंच बघत होती. आणि आपल्या घरातला नियम तुम्हीच घातलेला: पूजा चालू असताना आवाज करायचा नाही, हाक मारायची नाही, घंटा होऊन आरती होईपर्यंत गप्प बसायचं. तरी तिला शंका आली असावी, कारण तिनं अव्वांना विचारलं होतं. अव्वा म्हणाल्या, "पप्पा पूजेला बसलेत बाळा. गप उभी ऱ्हा."

म्हणून ती गप्प उभी राहिली, आणि माती लोटायच्या आधी तिला घरी नेलं. तुम्ही ज्याला शहाणपणा म्हणता आणि बाया ज्याला समजूतदारपणा म्हणतात, तो हा. त्या दिवसापासून ती गप्पच आहे. घरात कुणी मोठ्यानं बोललं की "हळू" म्हणते. मी रात्रंदिवस हिच्याबरोबर राहते, शाळेत दुसऱ्यांची पोरं सांभाळते, आणि मला हे कळलं नाही. मलाही वाटत होतं पोर शहाणी आहे.

ही पूजा फार लांबली असं तिला वाटत होतं. आता तुमच्या पत्रिकेत घंटा आणि आरती लिहिली आहे.

हे तुमच्या घरातून सुरू झालं आहे. तुम्हीच सांगा आता काय करायचं.

वर्षाराणी


उदगीर,
४ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी अव्वाला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काय सांगायला पायजे होतं? मेला म्हणू? माझ्या तोंडानं?" आणि तोंड फिरवून तुरीच्या शेंगा सोलत बसली. तिला बोलून उपयोग नाही. तिनंही त्या दिवसापासून त्याचं नाव घेतलेलं नाही, फक्त अक्षराचं घेते.

मग मठात स्वामींकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "लेकरू बरोबर बोललं. तो शिवपूजेतच लीन आहे." ऐकून मला बरं वाटलं. मी असा विचार करतो, वर्षाराणी, की यात अगदी खोटं असं काही नाही. आपण लिंगैक्य झाले म्हणतो, म्हणजे तरी दुसरं काय? लिंगाशी जो एक झाला तो पूजेतच आहे. मग लेकराच्या मनातलं आपण का मोडावं? मोठी होईल तसं तिला हळूहळू आपोआप कळेल. आपल्यालाही असंच कळत गेलं.

यंदा कार्यक्रमाला तिला आणू नको. अप्पांकडे ठेवून तू एकटी ये. पत्रिका वाचून दाखव म्हणालो ती माझी घाई. पण ती गोष्ट पुढच्या वर्षापर्यंत विसरून जाईल.

उमाशंकर


नांदेड,
९ जानेवारी २०२५

ती. दादा,

विसरून जाईल? तिनं शर्टाची घडी मोडू नये म्हणून पिशवी खुंटीला टांगून ठेवली आहे. शाळेतल्या मैत्रिणीला सांगितलं आहे की माघात माझे पप्पा येणार. तुम्ही ती मोठी होण्याची वाट बघताय, ती माघाची वाट बघते आहे. तिला न आणता कार्यक्रम केला तर तिला काय वाटेल ते सांगू? पप्पा उठले आणि मलाच बोलावलं नाही.

तुमच्या स्वामींचं बरोबर असेल. मला वाद घालायचा नाही. पण सहा वर्षांची पोर पूजा म्हणजे पूजा समजते, आणि पूजा करणारा माणूस शेवटी उठतो.

मी का सांगत नाही, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मी प्रयत्न केला. तिला समोर बसवलं, दार लावलं. "अक्षरा, पप्पा" एवढं बोलले आणि पुढे तोंडातून आवाजच निघाला नाही. ती म्हणाली, "मम्मी, हळू बोललीस तरी चालेल." मी उठून स्वयंपाकघरात गेले. मुलांना रोज मोठ्यानं धडे वाचून दाखवते मी, आणि मला एक वाक्य बोलता येत नाही. ह्यांचा राग येतो. हे असते तर असली अवघड कामं ह्यांच्याच गळ्यात पडली असती, आणि ह्यांनी केली असती.

म्हणून तुम्ही या. तुमची चूक आहे म्हणून म्हणत नाही, मला जमत नाही म्हणून म्हणते. पण स्वामींचं उत्तर पिशवीत घालून आणू नका.

वर्षाराणी


उदगीर,
२२ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

रविवारी तू बाजारातून आलीस तेव्हा अक्षरा झोपली होती आणि मला मुखेडमार्गे जाणारी शेवटची गाडी गाठायची होती. तू काही विचारलं नाहीस, मीही सांगू शकलो नाही. पण तुला कळायला हवं.

आम्ही गच्चीवर होतो. तुझे अप्पा खाली पेपर वाचत होते. येताना गाडीत मी सगळं पाठ केलं होतं, कसं सुरू करायचं, काय उदाहरण द्यायचं. पोर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मोठे पप्पा, मी येणार हाय हे तुम्ही पप्पांना सांगितलं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

"बरोबर. पूजेत बोलायचं नसतं."

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "अक्षरा, पप्पा पूजेला बसले न्हाईत. पप्पा वारले."

"वारले म्हंजे?"

हा शब्द मी माझ्या भावासाठी कधी वापरला नव्हता. वर्षभर "गेला" म्हणत होतो. म्हणालो, "मेले."

ती माझ्याकडे बघून हसली, मोठ्या माणसाची चूक सापडल्यासारखी. म्हणाली, "मेलेली माणसं झोपतात. समोरचे आजोबा मेले तेव्हा मी बघितलं. पप्पा तर बसले होते."

"आपल्यात बसवतात."

"का?"

का ते मला ठाऊक आहे. लहानपणापासून ऐकत आलो आहे, मलाही कुणी विचारलं तर तासभर सांगेन. त्या वेळी त्यातलं एकही वाक्य तिला द्यावंसं वाटलं नाही. मी म्हणालो, "आपल्यात सगळ्यांनाच बसवतात. माझ्या अप्पांना बसवलं होतं. मलाही बसवतील."

तिनं जरा विचार केला. "तुमचे अप्पा उठले का?"

"न्हाई."

"कधीच?"

"कधीच न्हाई, बाळा."

मग तिनं तोंड पाण्याच्या टाकीकडे फिरवलं. मला वाटलं झालं, कळलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर तिनं तो झटकला आणि ओरडली, "मग मी कशाला गप बसले?"

वर्षाराणी, ती माझ्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत होती आणि तेच विचारत होती. मग शब्द गेले आणि नुसता आवाज राहिला. शेजारच्या गच्चीवरची बाई म्हणाली, "अगं बया, काय झालं लेकराला? गप करा की." मी म्हणालो, "न्हाई करत." त्या बाईला राग आला असेल. माझ्या वतीनं तिला समजावून सांग.

रडून रडून ती माझ्या मांडीवर झोपली. मी जप करू पाहिला. जमला नाही. शिवाशी माझं सध्या फारसं बोलणं नाही. रोज पूजेला बसतो, नियम म्हणून. लिंग हातावर घेतलं की तिचा प्रश्न ऐकू येतो.

कार्यक्रम करायचा की नाही हे तू सांगशील तसं. पत्रिका वाटून झाल्या आहेत, काका अंगावर येतील. येऊ देत.

उमाशंकर


नांदेड,
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादा,
शरणार्थी.

कार्यक्रमाला आम्ही दोघी आलो, पण तुमच्याशी धड बोलणं झालं नाही. तुम्ही पंगतीत वाढत होतात आणि शंकरप्पा काका तुम्हाला फ्लेक्सवरून बोलत होते. म्हणून हे लिहिते.

तुम्ही गेल्यापासून अक्षरा फार आवाज करते. दारं आपटते, जेवताना रडते, शाळेत एका मुलीला मारून आली. तुम्ही सांगितलंत म्हणून सगळं सोपं झालं असं समजू नका. मला हेडबाईंनी बोलावलं होतं. अप्पा म्हणतात, आधीची पोर बरी होती. मी त्यांच्यावर चिडले. पण रोज उठून तिचं ते ओरडणं ऐकायचं, तर मलाही कधीकधी तसंच वाटतं.

समाधीपाशी ती गेली. मी मागे थांबले. तिनं चौथऱ्याला हात लावून पाहिला, तापलेला होता म्हणून काढून घेतला आणि परत येऊन माझ्याजवळ बसली. कीर्तनात महाराज म्हणाले, मृत्युंजय कधी कुणावर रागावले नाहीत, त्यांना सगळं गोडच लागायचं. मी मान खाली घालून बसले. मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस कायमचा गेला. आणि त्या मोटारीच्या सकाळीबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक असावं.

तुम्हाला जे दिसलं नाही ते पुढे झालं. अव्वांनी लेकाच्या आवडीची म्हणून सकाळपासून खपून भरली कारली केली होती. मांडवाच्या मागे आम्हा बायकांची पानं पडली होती. अव्वांनी अक्षराच्या ताटात एक कारलं घातलं आणि म्हणाल्या, "खा बाळा. तुझ्या पप्पाला लई आवडायची."

अक्षरा म्हणाली, "न्हाई आवडायची."

"आवडायची की. माझ्या हातची तर दोन दोन मागून घ्यायचा."

"मागायचे, आन् तुम्ही आत गेल्या की माझ्या ताटात टाकायचे. म्हणायचे, खाऊन टाक, न्हाई तर अव्वाला वाईट वाटंल."

मला वाटलं आता अव्वा उठून जातील. त्या पोरीकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "खोटारडी! माझा मृत्युंजय असं करणार न्हाई!" वर्षभरानं त्यांच्या तोंडून ते नाव आलं.

"करायचे!" अक्षराही ओरडली. "मला कडू लागायचं तरी टाकायचे! मी रडले की मलाच रागवायचे!"

"कवापासनं?"

"नेहमीच!"

"मग मेल्यानं मला सांगायचं न्हाई व्हय? एवढी वर्षं मी खुळ्यावानी कारलीच करलाले!" असं म्हणत अव्वांनी ताट बाजूला सारलं आणि पदर तोंडाला न लावता मोठ्यानं रडायला लागल्या. अक्षराही रडत होती, आणि रडता रडता दोघी भांडत होत्या, तो घरी येऊन खरं काय खायचा, काय टाकायचा, कुणाला फसवायचा. सिंधुताई धावत आल्या आणि मला म्हणाल्या, "गप करा की दोघींना, लोक बघलालेत."

मी हात धुतला आणि त्यांच्यात जाऊन बसले. ह्यांना दोडकाही आवडत नसे, हे अव्वांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षाराणी